हिंगोलीची हळद आणि जहाजाचा पंखा

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील पाचही तालुक्यांना, म्हणजे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत यांना, खाऱ्या पाण्याचा वाराही लागत नाही. तरीही या जिल्ह्याचे एक महत्त्वाचे पीक जगाच्या समुद्रमार्गांशी घट्ट बांधलेले आहे. ते पीक म्हणजे हळद. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या बाजारात कांडी व गट्टू यांचे लिलाव होतात. त्यानंतर या मालापैकी काही भाग निर्यातदारांच्या हाती जातो आणि सुमारे सहाशे किलोमीटरचा प्रवास करून उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचतो. तेथून पुढचा हजारो सागरी मैलांचा प्रवास जहाजाचा असतो.

जगातील हळदीच्या उत्पादनात भारताचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक आहे. २०२३-२४ या वर्षात देशातून सुमारे १ लाख ६२ हजार टन हळद व हळदीची उत्पादने निर्यात झाली आणि त्यातून सुमारे २२ कोटी ६५ लाख डॉलर मिळाले. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु दर्जा कितीही उत्तम असला, तरी परदेशी ग्राहकाच्या दारात हळद कोणत्या भावाने पोहोचणार हे ठरवणाऱ्या घटकांमध्ये सागरी भाड्याचा समावेश असतो. त्या भाड्यात सर्वांत मोठा आणि सर्वांत चंचल हिस्सा जहाजाच्या इंधनाचा. साहजिकच कमी इंधनात जहाज पुढे कसे ढकलावे, हा प्रश्न केवळ नौकाबांधणी करणाऱ्या अभियंत्यांचा राहत नाही. बंदरापासून दूर असलेल्या बाजारपेठांनाही त्याची झळ किंवा त्याचा लाभ पोहोचतो.

एक साधा हिशेब मांडता येईल. समजा, वीस फुटी कंटेनरमध्ये १६ टन हळद भरली आणि त्याचे सागरी भाडे १,००० डॉलर पडले. डॉलरचा भाव ९० रुपये धरला, तर किलोमागे सुमारे साडेपाच रुपये भाडे होते. हेच भाडे ३,००० डॉलरवर गेले, तर किलोमागचा बोजा सुमारे १७ रुपये होतो. हळदीसारख्या वस्तूच्या व्यापारात ही वाढ नफा पुसून टाकण्यास पुरेशी ठरते. असे चढउतार कल्पनेतले नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी सुवेझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घातला. मुंबईहून वायव्य युरोपात जाण्याचे सुमारे ६,३०० सागरी मैलांचे अंतर त्यामुळे सुमारे १०,७०० मैलांवर गेले. लांबलेला प्रत्येक मैल इंधन मागतो आणि त्या इंधनाचे पैसे शेवटी मालधन्याकडून वसूल होतात.

इंधन जाते कुठे?

जहाजाला पुढे ढकलण्याच्या क्रियेला प्रणोदन म्हणतात. मोठ्या व्यापारी जहाजांत हे काम संथ गतीने फिरणारे अवाढव्य डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला पंखा, म्हणजेच प्रॉपेलर, करतो. २००६ मध्ये समुद्रात उतरलेले 'एम्मा मर्स्क' हे कंटेनर जहाज याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्या चौदा सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती सुमारे ८० मेगावॉट, म्हणजे एक लाख अश्वशक्तीहून अधिक आहे. त्याच्या पंख्याचा व्यास ९.६ मीटर असून वजन १३० टनांच्या घरात आहे.

अशा इंजिनांची कार्यक्षमता यंत्रजगतात वाखाणली जाते. इंधनातील उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा ती फिरत्या दांड्यापर्यंत पोहोचवतात. मोटारीच्या पेट्रोल इंजिनाला हे जमत नाही. तरीही निम्मी ऊर्जा धुरासोबत आणि थंड करणाऱ्या पाण्यासोबत निघून जाते. उरलेल्या निम्म्यातून पंखा साधारणतः ६० ते ७० टक्केच ऊर्जा जहाज ढकलण्यासाठी वापरू शकतो. बाकीची ऊर्जा मागच्या पाण्याला वेग देण्यात आणि ते घुसळण्यात खर्ची पडते. दोन्ही टप्प्यांचा गुणाकार केला, तर जाळलेल्या इंधनाचा जेमतेम तिसरा हिस्सा जहाजाच्या कामी येतो. हा तिसरा हिस्साही संपूर्णपणे पाण्याच्या विरोधावर मात करण्यातच जातो. म्हणून इंधन वाचवण्याचे तीन मार्ग उरतात. पाण्याचा विरोध कमी करणे, पंख्याचा अपव्यय आटोक्यात आणणे आणि मुळात कमी शक्ती मागणे, हे ते तीन मार्ग होत.

पाणी का अडवते?

पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशेपट असते. त्यातून जाणाऱ्या जहाजाला होणारा विरोध मुख्यतः दोन प्रकारचा असतो, हे प्रयोगाने सिद्ध करण्याचे श्रेय विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याकडे जाते. त्याने इंग्लंडमधील टॉर्की येथे लांबलचक हौद बांधून १८७२ पासून त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या. एक विरोध घर्षणाचा. जहाजाचा बुडालेला पृष्ठभाग आपल्याला चिकटलेले पाणी फरफटत नेतो. दुसरा विरोध लाटांचा. जहाज पाणी दुभंगते तेव्हा नाळेपाशी आणि मागच्या बाजूस लाटा उठतात. त्या उठवण्याची ऊर्जा इंजिनालाच पुरवावी लागते.

मोठ्या आणि संथ चालणाऱ्या तेलवाहू किंवा खनिजवाहू जहाजांत एकूण विरोधापैकी ७० ते ९० टक्के वाटा घर्षणाचा असतो. वेग वाढत जातो तसतसा लाटांचा वाटा झपाट्याने चढतो. जहाजाची लांबी आणि त्याने उठवलेल्या लाटेची लांबी जेथे समान होतात, त्या वेगाच्या जवळ गेल्यावर जहाज जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. ३०० मीटर लांबीच्या जहाजासाठी ही मर्यादा ४० नॉटच्या वर आहे, म्हणजे नेहमीच्या वेगापासून पुष्कळ दूर. पण सोळा मीटर लांबीच्या मच्छीमार ट्रॉलरसाठी ती दहा नॉटच्या अलीकडेच येते. ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर वेगाला एक नॉट म्हणतात. ससून डॉकमधून निघालेला ट्रॉलर दहा नॉटच्या आसपास दामटला, तर डिझेलचा मोठा भाग लाटा उसळवण्यातच जातो. डिझेल परताव्यासाठी शासनदरबारी खेटे घालणाऱ्या मच्छीमारांच्या दृष्टीने हे भौतिकशास्त्र पुस्तकी नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये 'सागर हरिता' ही इंधन वाचवणारी मासेमारी नौका पाण्यात उतरवली, तीही याच विचारातून.

लाटांचा विरोध कमी करण्याची एक युक्ती जहाजाच्या नाळेखाली पाण्यात दडलेली असते. तेथे दिसणारा गोल फुगवटा स्वतःची एक लाट निर्माण करतो. ती नाळेच्या मूळ लाटेला छेद देऊन तिचा जोर कमी करते. अमेरिकी आरमाराच्या डेव्हिड टेलर या अभियंत्याने १९१० च्या सुमारास 'डेलावेअर' या युद्धनौकेवर तिचा वापर केला. परंतु हा फुगवटा ठरावीक वेगासाठीच घडवलेला असतो. मागील दशकात जहाजांचे वेग उतरले, तेव्हा अनेक कंटेनर जहाजांचे जुने फुगवटे कापून नवे, कमी वेगाला साजेसे बसवावे लागले.

वेगाचे घनगणित

जहाजाच्या इंधनबचतीतील सर्वांत प्रभावी उपाय सर्वांत साधा आहे. जहाज जरा हळू चालवावे. यामागचे गणित असे. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला, तर शक्ती आठपट लागते. उलट वेगात थोडीशी काटछाट केली तरी शक्तीत मोठी बचत होते.

सुमारे आठ हजार कंटेनर वाहणारे जहाज २४ नॉट वेगाने धावले, तर दिवसाला सुमारे २२५ टन इंधन जाळते. वेग २१ नॉटवर आणला की हाच आकडा सुमारे १५० टनांवर येतो. वेगात साडेबारा टक्के घट, तर रोजच्या इंधनात एकतृतीयांश बचत. मात्र हळू चालले की प्रवास लांबतो, तेही मोजले पाहिजे. ६,३०० सागरी मैलांच्या प्रवासाला २४ नॉटने सुमारे अकरा दिवस लागतात, २१ नॉटने साडेबारा दिवस. त्यानुसार पहिल्या प्रवासात सुमारे २,४६० टन इंधन लागते आणि दुसऱ्यात सुमारे १,८७५ टन. दीड दिवस जादा देऊन ५८५ टनांची बचत झाली. इंधनाचा भाव टनाला ५०० डॉलर धरला, तर ही बचत जवळजवळ तीन लाख डॉलरची होते. एक टन जड इंधन जळले की ३.१ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एकाच फेरीत १,८०० टनांहून अधिक कर्बवायू टळतो. अर्थकारण आणि पर्यावरण यांचे हित एकाच दिशेला असण्याचे असे स्वच्छ उदाहरण विरळाच.

२००८ च्या जागतिक मंदीत मालाची मागणी घसरली आणि तेल महागलेले होते. तेव्हापासून कंटेनर कंपन्यांनी संथ चाल अंगीकारली. पुढे ती जहाजांच्या रचनेतच उतरली. २०१३ पासून आलेल्या मर्स्कच्या १८ हजार कंटेनरच्या जहाजांना आधीच्या जहाजांच्या मानाने कमी वेगासाठीच घडवण्यात आले. अर्थात या उपायाला मर्यादा आहेत. तेवढाच माल तेवढ्याच वेळेत पोहोचवायचा, तर जास्त जहाजे लागतात. फळे-भाज्यांसारखा नाशवंत माल थांबू शकत नाही. इंजिन फार कमी शक्तीवर चालवले, तर ते स्वतःच अकार्यक्षम होते आणि वादळात पुरेशी शक्ती हाताशी असणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. वाळवलेली, पॉलिश केलेली हळद मात्र दीड दिवसाने बिघडत नाही. टिकाऊ शेतमालाच्या दृष्टीने संथ जहाज हा तोट्याचा सौदा नाही.

तळावरचे शेवाळ

बंदरात उभ्या असलेल्या जहाजाच्या तळावर काही दिवसांतच चिकट थर जमतो. त्यावर शेवाळ वाढते आणि पुढे चुनखडीच्या कवचाचे जीव घट्ट रुतून बसतात. उष्ण कटिबंधातील पाण्यात, म्हणजे मुंबईच्या बंदरातही, ही वाढ जोमाने होते. कोकणातील मच्छीमार पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून तळ खरवडतात आणि रंगवतात, त्यामागे लाकूड-लोखंडाच्या रक्षणाबरोबर हेही कारण आहे. खरखरीत तळ पाणी अधिक ओढतो आणि घर्षण वाढते.

हे नुकसान किती असू शकते, याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चाललेल्या एका प्रकल्पाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. जहाजाच्या निम्म्या तळावर अवघा अर्धा मिलिमीटर जाडीचा चिकट थर असला, तरी हरितगृह वायूंचे उत्सर्जन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. म्हणूनच तळाला जीवरोधक रंग देणे, पाणबुड्यांकडून किंवा यंत्रमानवाकडून तो वेळोवेळी घासून घेणे आणि पंख्याची पाती चकचकीत ठेवणे ही कामे इंधनबचतीच्या यादीत वरच्या क्रमांकावर असतात. पूर्वी यासाठी कथिलाची विषारी संयुगे असलेले रंग वापरले जात. ते शिंपल्या-कालवांच्या जिवावर उठल्याचे दिसल्यानंतर २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आली. आता गुळगुळीत सिलिकोनचे लेप वापरात आहेत. जहाजाच्या तळाखाली हवेचे बारीक बुडबुडे सोडून घर्षण कमी करण्याचे तंत्रही व्यापारी जहाजांवर आले आहे.

पंख्याची सुधारणा

पंख्याचे कार्य समजण्यास वल्ह्याची उपमा पुरेशी आहे. अरुंद फळीने पाणी जोरात मारले की पाणी उसळते आणि होडी फारशी हलत नाही. रुंद वल्ह्याने पाणी सावकाश रेटले की होडी पुढे सरकते. मागे ढकललेल्या पाण्याला दिलेली ऊर्जा त्याच्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. त्यामुळे थोड्या पाण्याला मोठा वेग देण्यापेक्षा पुष्कळ पाण्याला थोडा वेग देणे किफायतशीर ठरते. आधुनिक जहाजांचे पंखे शक्य तेवढे मोठे आणि संथ असतात, ते याच कारणाने. पंखा फार वेगाने फिरला, तर पात्यांच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. त्याने ढकलशक्ती घटते, कंपने वाढतात आणि धातूला खड्डे पडतात.

पंख्यामागे पाणी गोल फिरत राहते. त्या भोवऱ्यातील ऊर्जा वाया गेलेली असते. ती थोडीफार परत मिळवण्यासाठी अनेक साधने बनली. जपानमध्ये १९८० च्या दशकात पंख्याच्या मधल्या टोपीवर छोटे पंख बसवण्याची कल्पना आली. टोपीमागील भोवरा त्यामुळे मोडतो आणि काही टक्के इंधन वाचते. पंख्यापुढे कडे आणि स्थिर पाती बसवून पाण्याला आधीच उलट वळण देण्याची युक्ती जर्मन अभियंता फ्रीडरिक मेविस याच्या नावाने ओळखली जाते. यांपैकी कोणतेही साधन एकट्याने चमत्कार करीत नाही. येथे तीन टक्के, तेथे पाच टक्के, असा तो संसार आहे. परंतु दिवसाला दीडशे टन इंधन खाणाऱ्या यंत्रात तीन टक्के म्हणजे रोजचे साडेचार टन होतात आणि जहाजाचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे असते.

वाऱ्याचे पुनरागमन

वाफेची जहाजे येण्यापूर्वी कोकणची गलबते आणि पडाव मोसमी वाऱ्यांवर अरबस्तानापर्यंत व्यापार करीत. तेव्हा इंधनाचे बिल शून्य होते आणि वेळापत्रक वाऱ्याच्या हाती. आता वारा पुन्हा मदतीला येत आहे, पण इंजिनाला पर्याय म्हणून नव्हे तर साथीदार म्हणून. जर्मनीच्या अँटन फ्लेटनर याने १९२४ मध्ये 'बुकाऊ' या जहाजावर शिडांऐवजी दोन उंच फिरती नळकांडी उभी केली. फिरकी दिलेला चेंडू हवेत वळतो, त्याच तत्त्वाने फिरत्या नळकांड्यावर आडवा वारा आला की जहाजाला पुढे ढकलणारे बल निर्माण होते. हे जहाज १९२६ मध्ये अटलांटिक ओलांडून गेले. पण तेल स्वस्त होते, म्हणून कल्पना बासनात गेली.

जवळजवळ शतकानंतर ती बासनातून बाहेर आली. 'मर्स्क पेलिकन' या तेलवाहू जहाजावर २०१८ मध्ये तीस मीटर उंचीची अशी दोन नळकांडी बसवली गेली. वर्षभराच्या चाचणीत सुमारे ८.२ टक्के इंधन वाचल्याचे दिसून आले. २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' या जहाजावर विमानाच्या पंखासारखी कडक शिडे उभी राहिली. या साधनांचा लाभ मार्ग, ऋतू आणि वाऱ्याची दिशा यांवर अवलंबून असतो. कंटेनरांनी भरलेल्या डेकवर त्यांना जागा मिळणेही अवघड असते. खनिजवाहू आणि तेलवाहू जहाजांवर ती अधिक शोभतात.

जाळणारा एक, भरणारा दुसरा

एवढी साधने उपलब्ध असताना प्रत्येक जहाजावर ती का दिसत नाहीत? उत्तर तंत्रज्ञानात कमी आणि व्यवहारात अधिक आहे. अनेक जहाजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर चालतात. जहाजाचा मालक एक, ते भाड्याने घेऊन चालवणारा दुसरा. नवा पंखा किंवा नवा लेप यांचा खर्च मालकाने करायचा आणि वाचलेल्या इंधनाचे पैसे भाडेकरूच्या खिशात जायचे, अशी ही व्यवस्था. घरमालकाने स्वखर्चाने कमी विजेचे पंखे बसवावेत आणि विजेचे बिल भाडेकरूचे कमी व्हावे, तशीच ही गत.

दुसरी अडचण बंदरांची. आधी येईल त्याला आधी जागा, या प्रथेमुळे जहाजे भरधाव येतात आणि मग धक्का रिकामा होईपर्यंत बाहेर नांगर टाकून उभी राहतात. धावण्यात इंधन जाते आणि थांबण्यात तळावर शेवाळ चढते. धक्क्याची वेळ आधीच कळवून जहाजाने त्या बेताने वेग ठेवला, तर कंटेनर जहाजांच्या फेरीत सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास इंधन वाचू शकते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या २०२२ च्या एका अभ्यासात निघाला. त्यासाठी लोखंड नव्हे, माहितीची देवाणघेवाण आणि करारातील कलमांची दुरुस्ती हवी.

नियमांचा तगादा

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातील मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे २.८९ टक्के वायू जहाजांतून बाहेर पडले. जगातील मालव्यापाराचा ८० टक्क्यांहून अधिक भार वाहणाऱ्या उद्योगाच्या मानाने हे प्रमाण थोडे वाटेल. टनामागे आणि मैलामागे पाहिले, तर जहाज हे ट्रकपेक्षा किंवा विमानापेक्षा कितीतरी स्वच्छ वाहन आहेच. पण व्यापार वाढत असल्याने नुसती तुलना पुरेशी नाही.

संघटनेने २०१३ पासून नव्या जहाजांच्या रचनेला कार्यक्षमतेची अट घातली. १ जानेवारी २०२३ पासून जुन्या जहाजांनाही अशी अट लागू झाली आणि मोठ्या जहाजांना दरवर्षी 'ए' ते 'ई' अशी श्रेणी मिळू लागली. सलग तीन वर्षे 'डी' किंवा एकदा 'ई' मिळाल्यास सुधारणेची योजना सादर करावी लागते. २०२३ च्या धोरणानुसार २०५० च्या आसपास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. उत्सर्जनाला जागतिक पातळीवर किंमत लावण्याच्या आराखड्याला एप्रिल २०२५ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या स्वीकृतीचा निर्णय वर्षभर लांबणीवर टाकण्यात आला.

युरोपीय संघ थांबलेला नाही. २०२४ पासून त्याने आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना कर्ब परवान्यांच्या बाजारात ओढले. बाहेरच्या देशातून आलेल्या फेरीच्या निम्म्या उत्सर्जनाचा हिशेब तेथे द्यावा लागतो. पहिल्या वर्षी ४० टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के आणि २०२६ च्या उत्सर्जनासाठी १०० टक्के अशी ही चढती भांज आहे. जहाज कंपन्या हा खर्च अधिभार म्हणून भाड्यावर चढवतात. म्हणजे रॉटरडॅमला जाणाऱ्या हळदीच्या कंटेनरवर कर्बवायूचा खर्च बसू लागला आहे. कार्यक्षम जहाजावर तो कमी, अकार्यक्षम जहाजावर जास्त.

मिथेनॉल, अमोनिया यांसारखी नवी इंधने येतील तेव्हा सारे प्रश्न सुटतील, असा एक सूर असतो. तो अर्धसत्य आहे. तेलाइतकीच ऊर्जा मिळवण्यासाठी मिथेनॉलला दुपटीहून अधिक आणि अमोनियाला सुमारे तिप्पट जागा लागते, आणि अपारंपरिक विजेपासून बनवलेली ही इंधने तेलापेक्षा बरीच महाग आहेत. इंधन जितके महाग, तितके ते वाचवण्याचे मोल अधिक. म्हणून कार्यक्षमता हा नव्या इंधनाचा पर्याय नसून त्याची पूर्वतयारी आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर

२६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराने २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. केंद्राच्या हरित टग कार्यक्रमात निवडलेल्या पहिल्या चार बंदरांत त्याचा समावेश आहे. अवाढव्य जहाजांना धक्क्यापर्यंत खेचणाऱ्या टग नौका दिवसभर कमी-जास्त शक्तीवर चालतात. अशा कामाला बॅटरीवरचे प्रणोदन चांगले जुळते. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खोल पाण्यामुळे तेथे अधिक मोठी जहाजे येऊ शकतील, हा त्यामागील एक मुख्य युक्तिवाद आहे. जहाज मोठे झाले की त्याची मालक्षमता घनाने वाढते, पण पाण्यात बुडालेला पृष्ठभाग वर्गानेच वाढतो, म्हणून कंटेनरमागे इंधन कमी लागते. स्थानिक मच्छीमारांचा या बंदराला असलेला विरोध हा त्या हिशेबात न मावणारा, पण टाळता न येणारा मुद्दा आहे.

मात्र एक उणीव ठळक आहे. भारताच्या परदेशी व्यापारातील सुमारे ५ टक्केच माल भारतीय जहाजांतून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी परदेशी जहाज कंपन्यांना दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या भाड्याचा आकडा सुमारे ६ लाख कोटी रुपये सांगितला. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जहाज एकदा बांधले की त्याचा आकार पाव शतक बदलत नाही. म्हणून या पैशातून उभी राहणारी जहाजे केवळ स्वदेशी असून भागणार नाही, त्यांचा तळ, पंखा आणि इंजिन हे येत्या काळाच्या कर्ब हिशेबात टिकणारे असावे लागतील. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेला बंदरांच्या प्रतिकृती तपासण्याचा दीर्घ अनुभव आहे. विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहण्याचा ५०० मीटर लांबीचा हौद आहे. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त नौदलाचे अभियंते घडतात. ज्ञानाची सामग्री देशात आहे. प्रश्न ती व्यापारी जहाजांच्या कामी लावण्याचा आहे.

हिंगोलीच्या पदरात काय?

जहाजाने वाचवलेला प्रत्येक डॉलर वसमतच्या शेतकऱ्याच्या खात्यात जमा होईल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. भाडे केवळ इंधनावर ठरत नाही. जहाजांची उपलब्धता, युद्धे, कंपन्यांची मक्तेदारी यांचाही त्यावर प्रभाव असतो. वाचलेले पैसे आधी जहाज कंपनीकडे, मग आयातदाराकडे आणि निर्यातदाराकडे झिरपतात. त्यांतून काही उरले तर लिलावाच्या बोलीपर्यंत पोहोचते. पण उलटा प्रवास मात्र चटकन होतो. भाडे वाढले की बोली लगेच उतरते. त्यामुळे भाड्याचे धक्के सौम्य करणारी प्रत्येक सुधारणा, म्हणजे कमी इंधनावर चालणारे, वळसा पडला तरी तुलनेने कमी खर्चात जाणारे जहाज, ही अंतर्भागातील उत्पादकाला ढालीसारखी आहे.

निर्यातदार आणि शेतकरी उत्पादक कंपन्या या बाबतीत अगदीच हतबल नाहीत. टिकाऊ मालासाठी संथ पण स्वस्त सेवा निवडणे, भाडे ठरवताना इंधन व कर्ब अधिभार वेगळा दाखवण्याचा आग्रह धरणे आणि जहाजांच्या श्रेणीची विचारणा करणे, एवढे त्यांच्या हाती आहे. ग्राहकच विचारू लागला की मालक आणि भाडेकरू यांच्यातील 'खर्च कोणाचा' हा जुना वादही सुटण्यास मदत होते.

दुसरा लाभ आकाशातून येणारा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अतिवृष्टीने हिंगोलीसह मराठवाड्यातील शेतशिवारे पाण्याखाली गेली. हळदीचा कंद साचलेल्या पाण्यात कुजतो. एखाद्या पावसाचा दोष जहाजांच्या धुराड्यावर ढकलता येत नाही. पण तापणाऱ्या वातावरणात असा बेभरवशाचा पाऊस वाढतो, यावर शास्त्रज्ञांचे एकमत आहे. त्या तापण्यात जवळजवळ तीन टक्क्यांचा वाटा ज्या उद्योगाचा आहे, त्याने आपली गळती बुजवणे हे हळद पिकवणाऱ्याच्याही हिताचे आहे. समुद्रापासून सहाशे किलोमीटर दूर राहिल्याने हिंगोलीला भाड्याच्या चढउतारापासून सुटका नाही आणि हवामानापासूनही नाही. न जाळलेले टनभर इंधन हेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वच्छ इंधन असते. ते वाचवण्याचे मार्ग ठाऊक झालेले आहेत. आता गरज आहे ती बंदरे, जहाजमालक आणि मालधनी यांनी एका हिशेबावर येण्याची.